हिपॅटायटिस सी: बोटावरच्या थेंबापासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत

"मला काहीच होत नाही, मग रक्त तपासायचं कशाला?"

या कामात नव्याने येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न ऐकावा लागतो. प्रश्न चुकीचा नाही. दात दुखला, ताप चढला तर माणूस आपणहून येतो. यकृत मात्र वर्षानुवर्षं खराब होत राहतं आणि चकार शब्द काढत नाही. पोटात पाणी होऊन, पाय सुजून माणूस दारात येतो तेव्हा संसर्गाला बहुधा वीसेक वर्षं उलटून गेलेली असतात.

हा लेख स्वयंसेवक, समवयस्क कार्यकर्ते आणि नव्या परिचारिकांसाठी आहे. तुम्ही वस्तीत फिरत असाल, व्यसनमुक्ती केंद्रात बसत असाल किंवा तुरुंगातल्या शिबिराला जात असाल, कामाचा क्रम तोच. औषध लिहून देणं डॉक्टरांचं काम. माणसाला पहिल्या चाचणीपासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत नेणं आपलं, आणि माझ्या अनुभवात माणसं हरवतात ती याच वाटेवर, दोन भेटींच्या मधल्या दिवसांत. म्हणून खालची प्रत्येक पायरी वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: हे काम आजच, याच बैठकीत उरकता येईल का?

पायरी १: आधी आपल्या डोक्यातला गोंधळ काढा

मराठीत आपण सगळ्यालाच 'कावीळ' म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कावीळ हे लक्षण आहे, डोळे आणि लघवी पिवळी होणं. हिपॅटायटिस म्हणजे यकृताला आलेली सूज. तिच्यामागे वेगवेगळे विषाणू असतात. ए आणि ई हे मुख्यतः दूषित अन्नपाण्यातून येतात. सी येतो रक्तातून रक्तात. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने तो लागत नाही. हे वाक्य घरच्यांसमोर मोठ्याने म्हणायची सवय लावून घ्या, कारण रिपोर्ट आला की घरात पहिल्यांदा ताट वेगळं काढलं जातं.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. तोवर डॉक्टर त्याला 'ना ए, ना बी' असंच म्हणत. त्याच्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं.

लक्षात ठेवण्यासारखे आकडे थोडेच आहेत. संसर्ग झाल्यावर सुमारे ८० टक्के लोकांना काहीही जाणवत नाही. साधारण ३० टक्के लोकांचं शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला आपोआप हुसकावून लावतं. उरलेल्यांच्या रक्तात तो ठाण मांडतो, आणि त्यांच्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांत सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत आतून जून, गाठाळ बनतं. पुढे यकृताचा कॅन्सर होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोक या संसर्गासह जगत आहेत आणि २०२२ मध्ये जवळपास २ लाख ४२ हजार लोक त्याने दगावले.

लस अजून नाही. मात्र रोज गोळी घेऊन, बहुतेकांना तीन महिन्यांत, हा आजार पूर्ण बरा होतो. उपचार घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. 'नियंत्रणात राहतो' असं सांगू नका. बरा होतो, असंच सांगा. एचआयव्हीच्या कामातून आलेले कार्यकर्ते सवयीने 'आयुष्यभर गोळ्या' म्हणून जातात, आणि समोरचा तिथूनच उठतो.

पायरी २: कोणाला विचारायचं, आणि कसं

'तुम्ही व्यसन करता का?' या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. ज्याने पंधरा वर्षांपूर्वी मित्रांच्या नादाने दोनदाच टोचून घेतलं तो स्वतःला व्यसनी मानत नाही, आणि त्या दोन वेळाही संसर्गाला पुरेशा असू शकतात. म्हणून माणसावर शिक्का मारणारे प्रश्न टाळा आणि घडलेल्या गोष्टी विचारा. आयुष्यात कधी, एकदा तरी, नशेसाठी सुई टोचली होती का? कधी रक्त चढवलं होतं का, आणि कोणत्या साली? रक्तदात्यांच्या रक्ताची या विषाणूसाठी तपासणी काही देशांत नव्वदच्या दशकात सुरू झाली, भारतात ती २००१ च्या सुमारास सक्तीची झाली, त्यामुळे त्याआधी रक्त घेतलेल्यांची नोंद वेगळी करा. डायलिसिस चालू आहे का? थॅलेसेमिया किंवा हिमोफिलियासाठी वारंवार रक्त किंवा रक्तघटक घ्यावे लागतात का? तुरुंगात राहणं झालं का? गोंदण कुठे, कोणाकडून काढलं? साध्या तापासाठीही सुई मारणाऱ्याकडे जाणं होतं का? आईला हा संसर्ग होता का? एचआयव्ही आहे का?

सुरुवात मी नेहमी रक्त चढवण्याच्या प्रश्नापासून करते. त्याची कोणालाच लाज वाटत नाही. सुईच्या प्रश्नाशी येईपर्यंत समोरचा थोडा सैलावलेला असतो.

सुयांमधून एक अख्खा देश कसा आजारी पडू शकतो, याचं उदाहरण इजिप्तचं. तिथे १९५० ते १९८० च्या दशकांत शिस्टोसोमियासिस या कृमीरोगावर सरकारी मोहिमेत लाखो लोकांना इंजेक्शनं दिली गेली. काचेच्या सिरिंज पुरेशा निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, आणि हिपॅटायटिस सी गावोगावी पसरला. त्याच देशाने २०१८ पासून जवळपास ५ कोटी लोकांची तपासणी केली, सापडलेल्यांवर उपचार केले आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून या आजाराच्या निर्मूलनाच्या वाटेवरचा 'सुवर्ण' दर्जा मिळवला. 'आम्ही तर कधी नशा केली नाही' म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगा. संसर्ग झाला म्हणजे माणूस वाईट चालीचा, हा समज त्याने बराच ढिला होतो.

पायरी ३: पुढचा संसर्ग अडवा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण नवे कार्यकर्ते नेमके इथेच फसतात. 'सुई शेअर करू नका' म्हटलं की काम झालं, असं त्यांना वाटतं.

एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. चौघे बसलेत. सुई प्रत्येकाची वेगळी, कोरी, आपणच दिलेली. पण पाणी एकाच झाकणात आहे. एकाने वापरलेली सिरिंज त्या पाण्यात खळबळून घेतली, दुसऱ्याने त्याच पाण्यातून आपली भरली. पूड एकाच चमच्यात विरघळली आणि एकाच कापसाच्या बोळ्यातून चौघांच्या सिरिंजमध्ये गेली. दंडाला बांधायचा पट्टा हातोहात फिरला. त्यावर आधीच्याच्या रक्ताचा पुसट डाग आहे. विचारलं तर चौघेही छातीठोकपणे सांगतील, "आम्ही सुई शेअर करत नाही." ते खोटं बोलत नाहीत. आपणच प्रश्न अर्धवट विचारलेला असतो.

प्रयोगशाळेत हा विषाणू सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे, आणि पृष्ठभागावर वाळलेल्या डागात सहा आठवड्यांपर्यंत. एचआयव्हीपेक्षा हा पुष्कळच चिवट. म्हणून पाणी, चमचा, कापूस, पट्टा हे सगळं ज्याचं त्याचं हवं. वाटप करताना हिशेब माणशी करू नका, टोचण्याच्या वेळांवर करा. दिवसातून चारदा टोचणाऱ्याच्या हातात दोन सुया ठेवल्या तर उरलेल्या दोन वेळी काय होणार, हे उघड आहे. जमेल तिथे ज्यांत दट्ट्या पूर्ण दाबल्यावर कमीत कमी रक्त मागे राहतं अशा सिरिंज द्या. वापरलेल्या सुया परत गोळा करायला जाड भिंतीचा, न भोसकला जाणारा डबा ठेवा. ब्लीचने धुतलेली सिरिंज नव्या सिरिंजची बरोबरी करू शकत नाही. अगदीच नाइलाज असेल तर काहीच न करण्यापेक्षा बरी, एवढंच.

नाकाने ओढणाऱ्यांना आपण सहसा विसरतो. नळी किंवा गुंडाळलेली नोट एकाच्या नाकातून दुसऱ्याच्या नाकात जाते आणि आतलं अस्तर सोललेलं असतं. त्यांनाही नळी ज्याची त्याची हवी.

अफूजन्य नशा करणाऱ्यांसाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हा पर्यायी उपचार असतो. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांत) असं दिसलं की हा उपचार चालू असताना हिपॅटायटिस सी लागण्याचा धोका जवळपास निम्मा होतो, आणि सोबत पुरेशा नव्या सुया मिळत असतील तर तो ७४ टक्क्यांनी घटतो. 'आधी सोड, मग मदत करतो' हे धोरण ऐकायला बाणेदार वाटतं. विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही.

बाकीचे मार्ग पटकन सांगते. वस्तरा, दात घासायचा ब्रश, नखं कापायचं यंत्र वेगळं ठेवायचं. गोंदण किंवा नाक-कान टोचून घ्यायचे तर सुई नवी हवी आणि शाईचं भांडंही नवं. सुईइतकंच शाईकडे लक्ष द्या, तिच्याकडे कोणी पाहत नाही. शरीरसंबंधातून हा संसर्ग सहसा पसरत नाही, पण रक्त येण्याचा संभव असतो तिथे धोका वाढतो, विशेषतः एचआयव्हीसह जगणाऱ्या समलैंगिक पुरुषांमध्ये. तिथे कंडोमचा आग्रह धरा. आईकडून बाळाला लागण्याचं प्रमाण साधारण ६ टक्के आहे. स्तनपान चालू ठेवावं. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर भरून येईपर्यंत थांबावं. आणि हिपॅटायटिस ए आणि बीची लस ज्यांना मिळालेली नाही त्यांना ती मिळवून द्या. आधीच एका विषाणूशी झगडणाऱ्या यकृतावर दुसरा लादायला नको.

आता तुमच्या स्वतःच्या हाताबद्दल. वापरलेल्या सुईला टोपण परत बसवायचं नाही, कधीच नाही. टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच ओतू नका. त्याच दिवशी कळवा आणि तपासणीसाठी रक्त द्या. नंतर ३ ते ६ आठवड्यांनी आरएनए चाचणी (रक्तातला विषाणूच शोधणारी) आणि ४ ते ६ महिन्यांनी अँटीबॉडी चाचणी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी) करून घ्यायची. एचआयव्हीसारखं लगेच घ्यायचं प्रतिबंधक औषध इथे नाही. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचा विचार मात्र त्याच दिवशी डॉक्टरांसोबत व्हायला हवा.

पायरी ४: पहिली चाचणी

पहिली चाचणी अँटीबॉडीची. बोटाच्या टोकातून एक थेंब पुरतो. हात गार असेल तर आधी चोळून ऊब आणा. मधलं किंवा अनामिका बोट घ्या, टोकाच्या बाजूला टोचा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसून टाका, दुसरा वापरा. किटवर लिहिलेल्या वेळेलाच निकाल वाचा. उशिरा वाचलात तर नसलेली रेघ उमटलेली दिसू शकते.

एक बारकी गोष्ट. बऱ्याच किटांवर दोन खुणा असतात, 'सी' आणि 'टी'. 'सी' समोरची रेघ म्हणजे कंट्रोल, किट नीट चालतंय याची खूण. एकदा एका ताईंनी माझ्याआधीच किटकडे पाहिलं, 'सी'समोर रेघ दिसली आणि त्या रडायला लागल्या. निकाल निगेटिव्ह होता. तेव्हापासून मी टोचण्याआधीच दोन्ही रेघांचा अर्थ सांगून टाकते. 'सी'समोर रेघच नसेल तर किट वाया गेलं, नवं उघडा.

अँटीबॉडी तयार व्हायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत धोका घडला असेल तर आजच्या निगेटिव्हवर विसंबू नका, पुन्हा बोलवा. एचआयव्हीमुळे किंवा औषधांमुळे प्रतिकारशक्ती खूप घटलेल्यांमध्ये ही चाचणी चुकून निगेटिव्ह येऊ शकते. पूर्वी उपचार घेऊन बरे झालेल्यांमध्ये ती पॉझिटिव्हच येत राहते. या दोघांची सरळ पुढची चाचणी करा. शिबिरात यायला जे धजत नाहीत त्यांच्यासाठी स्वतः घरी करायची चाचणीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस २०२१ मध्ये केली.

पायरी ५: निकाल सांगणं

पॉझिटिव्ह आला, तर तुमच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य माणूस घरी घेऊन जातो. बाकीचं विसरतो. म्हणून ते वाक्य आधी ठरवून ठेवा. माझं असं असतं:

"काका, या चाचणीवरून एवढंच कळतं की हा विषाणू कधीतरी तुमच्या अंगात येऊन गेला. आता आहे की नाही, ते यावरून कळत नाही."

"म्हणजे मला आहे की नाही?"

"ते दुसरी चाचणी सांगेल. तिचं रक्त आत्ताच घेऊया. पाच मिनिटं लागतील."

"आणि निघाला तर?"

"तर गोळ्या आहेत. बहुतेकांना तीन महिने घ्याव्या लागतात. आणि आजार बरा होतो."

यात कुठेही 'तुम्ही काय केलंत' हा विषय नाही. तो काढायची गरजही नाही. त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील.

पायरी ६: दुसरी चाचणी, आणि ती आजच

आरएनए चाचणी रक्तात आत्ता विषाणू आहे का ते दाखवते. संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांतच ती पॉझिटिव्ह होते. ही चाचणी निगेटिव्ह आली तर माणूस मोकळा. पॉझिटिव्ह आली तर उपचार हवा.

काम इथेच गळतं. 'पुढच्या सोमवारी या, तेव्हा रक्त घेऊ' म्हटलेल्यांपैकी कितीजण सोमवारी येतात, ते स्वतःच्या वहीत मोजून पाहा. मी मोजलं होतं. आकडा सांगायला लाज वाटते. सोमवारी मजुरी बुडते, किंवा पोलिसांची धास्ती असते, किंवा नशा उतरून अंग मोडून आलेलं असतं. त्यामुळे दोन्ही चाचण्यांचं रक्त एकाच वेळी घ्या आणि पहिली पॉझिटिव्ह आली की प्रयोगशाळेने दुसरी आपोआप लावायची, अशी व्यवस्था आधीच लावून घ्या. बोटाच्या रक्तावर साधारण तासाभरात आरएनए सांगणारं यंत्र जवळ असेल तर माणसाला चहा पाजून बसवून ठेवा. तेही नसेल तर कागदावर रक्ताचे थेंब वाळवून पाठवण्याची पद्धत आहे. वर्षानुवर्षं टोचून ज्यांच्या शिरा बसल्या आहेत त्यांच्यासाठी तीच सर्वांत माणुसकीची. अशा माणसाच्या हातात सुईने पाच ठिकाणी शीर शोधत बसलात तर तो परत येणार नाही. शीर कुठे सापडते ते त्यालाच विचारा. त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पायरी ७: गोळ्यांआधीची तयारी

यकृत किती जून झालंय ते ठरवायला आता सुई घालून तुकडा काढावा लागत नाही. वय, एएसटी आणि एएलटी (यकृताच्या रक्तचाचणीतले दोन आकडे) आणि प्लेटलेट या चार आकड्यांवर 'फिब-४' निघतो: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. समजा वय ४५, एएसटी ६०, एएलटी ६४, प्लेटलेट दीड लाख. वर ४५ गुणिले ६० म्हणजे २७००. खाली १५० गुणिले ८ म्हणजे १२००. उत्तर २.२५. हा आकडा १.४५ च्या खाली असेल तर यकृत बहुधा बऱ्या स्थितीत आहे, ३.२५ च्या वर असेल तर ते बरंच जून झालंय असं धरून चालायचं. मधला असेल तर डॉक्टर आणखी तपासतील.

वरच्या हिशेबात दीड लाखाचे १५० झालेले पाहिलेत ना? प्लेटलेट हजारांत घालायच्या असतात. पहिल्या महिन्यात मी रिपोर्टवरचे 'लाखांतले' १.५ तसेच घातले आणि उत्तर आलं २२५. ते घेऊन मी डॉक्टरांकडे धावत गेले होते. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि फक्त दशांशचिन्हावर बोट ठेवलं.

गोळ्या सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे. दोन्ही विषाणू असतील तर सी हटताना बी उसळू शकतो. एचआयव्ही तपासा. गर्भारपण तपासा, कारण गर्भारपणात या गोळ्या सहसा देत नाहीत. आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाची यादी बनवा, डबे-पाकिटं समोर मांडून, तोंडी नको. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन, फिटसाठीचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांमुळे या गोळ्यांचा असर घटतो. हृदयासाठीचं ॲमिओडारोन सोफोसबुव्हिर या हिपॅटायटिस सीच्या गोळीसोबत घेतलं तर नाडी जीवघेणी मंदावू शकते. वेलपाटासव्हिर असलेल्या गोळीला पित्तावरच्या गोळ्या अडथळा आणतात, आणि पित्ताची गोळी म्हणजे औषध, हे कोणाच्या ध्यानातच नसतं. मुद्दाम विचारा.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणं, पोट फुगणं, बरळणं किंवा दिवसा झोप आणि रात्री जाग, यांपैकी काही दिसलं तर यादी बाजूला ठेवा आणि माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचवा.

दारू किंवा नशा चालू आहे, हे उपचार नाकारायचं कारण नाही. दारूमुळे यकृत लवकर खराब होतं, ते सांगा, कमी करायला मदत करा, पण गोळ्या अडवू नका.

पायरी ८: बारा आठवडे

सर्वांत रुळलेली जोडी म्हणजे सोफोसबुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, १२ आठवडे. सिरॉसिस असेल तर २४. सोफोसबुव्हिर-वेलपाटासव्हिर ही दुसरी, १२ आठवड्यांची. ग्लेकाप्रेव्हिर-पिब्रेंटासव्हिर बहुतेकांना ८ आठवडे पुरते आणि जेवणासोबत घ्यावी लागते. या तिन्ही जोड्या विषाणूच्या सगळ्या मुख्य जनुकीय प्रकारांवर चालतात, त्यामुळे प्रकार शोधण्याच्या चाचणीसाठी बहुधा थांबावं लागत नाही. जुनी माणसं इंटरफेरॉन या आधीच्या उपचाराच्या आठवणींनी घाबरलेली असतात: वर्षवर्षभर इंजेक्शनं, ताप, खिन्नता, आणि एवढं करून जवळपास निम्म्यांनाच गुण. त्यांना नव्या गोळ्यांचं पाकीट हातात द्या. डोकेदुखी, थकवा, थोडी मळमळ, झोप उडणं, याहून जास्त त्रास बहुतेकांना होत नाही.

गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. खरा प्रश्न गोळी ठेवायची कुठे, हा असतो. ज्याला छप्पर नाही त्याला महिन्याचा डबा दिलात तर तो चोरीला जाणार किंवा भिजणार. त्याला आठवड्याच्या गोळ्या द्या, किंवा मेथाडोन घ्यायला तो रोज येतच असेल तर गोळीही तिथेच द्या. पहिल्या आठवड्यात एकदा फोन करा. नंतर 'गोळी घेतली का' असं विचारू नका, त्याला उत्तर 'हो'च येतं. 'पाकिटात किती उरल्यात, मोजून सांगता का?' असं विचारा.

पायरी ९: बरा झाला, हे सिद्ध करणं

शेवटची गोळी झाल्यावर १२ आठवडे थांबून पुन्हा आरएनए चाचणी करायची. विषाणू सापडला नाही तर माणूस बरा झाला. या टप्प्यावर अनेकजण येत नाहीत, कारण त्यांना आधीच बरं वाटत असतं. म्हणून ही तारीख उपचाराच्या पहिल्या दिवशीच कार्डावर लिहून द्या. अँटीबॉडी मात्र सहसा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. नोकरीच्या किंवा ऑपरेशनच्या वेळी कोणीतरी तीच चाचणी करून माणसाला पुन्हा घाबरवणार, तेव्हा आरएनए निगेटिव्हचा कागद जपून ठेवायला सांगा.

सिरॉसिस झालेल्यांची सुटका इथे होत नाही. विषाणू गेला तरी कॅन्सरचा धोका काही प्रमाणात राहतो, आणि त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हायला हवी.

बाळांचा हिशेब वेगळा आहे. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे त्याआधी अँटीबॉडी चाचणीचा उपयोग नाही. बाळाच्या आरएनए चाचणीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि एकदा बरं झाल्याने पुढचं संरक्षण मिळत नाही. तीच मंडळी, तेच झाकण, तोच कापूस असेल तर संसर्ग परत येतो. धोका चालू असणाऱ्यांची दर ३ ते ६ महिन्यांनी थेट आरएनए चाचणी करा, आणि पुन्हा सापडला तर पुन्हा उपचार द्या, तोंड वाकडं न करता. शक्य असेल तिथे एकत्र बसणाऱ्यांना एकत्रच तपासा आणि गोळ्याही एकाच सुमारास सुरू करून द्या. एकट्याला बरं करून त्याच घोळक्यात परत पाठवणं म्हणजे भिजलेल्या चादरीवर कोरडा सदरा वाळत घालणं आहे.

कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिताना मी आणखी एक गोष्ट विचारते: "तुमच्यासोबत बसणाऱ्यांपैकी अजून किती जणांनी तपासून घेतलेलं नाही?" नावं मागत नाही, संख्या पुरते. पुढच्या फेरीला निघताना पिशवीत तेवढी किटं जास्तीची घेते.